काहीच करू नका

"काका, काहीच करू नका. फक्त फोन ऐका," दिग्दर्शिका सातव्यांदा म्हणाली.

विश्वंभररावांना घाम फुटला. पस्तीस वर्षं त्यांनी नाटकांतून शेवटच्या रांगेतला माणूस रडवला होता. सिनेमात मात्र हे पहिलंच काम. मुलाच्या अपघाताची बातमी फोनवर ऐकणारा बाप. पहिल्या टेकला त्यांनी छाती धरली, दुसऱ्याला भिंत धरली, तिसऱ्याला तर असा हुंदका काढला की शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं ओढू लागली.

शेवटी तिनं हात टेकले. "बसा जरा, आम्ही लाईट नीट करून घेतो."

ते फोन हातात घेऊन तसेच बसले. आपल्याला साधं ऐकताही येत नाही, या विचारानं त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"कट! मिळाला शॉट!" ती ओरडली. "काका, कॅमेरा चालूच होता."

सिनेमा लागला, त्या प्रसंगाला अख्खं थिएटर रडलं. गावच्या नाट्यमंडळानं सत्कार ठेवला. तिथं कुणीतरी विचारलंच, "इतका सहज अभिनय कसा जमला?"

आपल्याला काहीही जमलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी विश्वंभरराव उठले. शाल सावरली, एक हात छातीवर ठेवला, दुसरा छताकडे उंचावला आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकला, "अभिनय... करायचाच नसतो!"

पहिल्या रांगेत बायकोनं कानांवरचे हात हळूच काढले.

"अहो, माईक चालू आहे."