ऐकल्याचा पुरावा

"पाण्यात विष, एका गावी, तीनशे आजारी," एवढं वहीत लिहून खरखरकाकांनी रेडिओचा काटा केसभर सरकवला. आवाज जरा स्वच्छ झाला. मग त्यांनी शेजारी टिपलं: सकाळी दहा वाजून चार मिनिटं, एकतीस मीटरचा पट्टा, आवाज बरा, मधूनमधून विरतो.

आठ हजार किलोमीटरवरचं हे केंद्र महिनाभर त्यांना हुलकावणी देत होतं. आज सापडलं. बातम्यांतल्या दोन-तीन गोष्टी ऐकल्याचा पुरावा म्हणून लिहून पाठवल्या, की केंद्राकडून रंगीत कार्ड येतं. अशा कार्डांनी त्यांचं अर्धं कपाट भरलं होतं. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून खांबांवर आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर हा एकच नाद उरला. घरातून सदा खरखर ऐकू येते म्हणून आळीने त्यांचं हे बारसं केलं होतं.

गावाचं नाव निवेदिकेने पार चेपून टाकलं होतं. काकांनी जसं कानावर आलं तसं अक्षर अक्षर लावून लिहिलं. नदीचं नाव मात्र तिने नीट उच्चारलं. तेही त्यांनी खाली लिहिलं. मग दोन्ही शब्द एकत्र वाचले, आणि पुन्हा एकदा वाचले.

नदी त्यांचीच होती. गावही त्यांचंच होतं.

आतल्या खोलीत बायको अंथरुणाला खिळली होती. तिसरा दिवस. उलट्या, बोटांना मुंग्या. आळीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोट बिघडलंय, पाणी भरपूर पाजा. काका घड्याळ लावून तासाला एक पेला पाजत होते, तेही उकळून गार केलेलं. आत्ताचा पेला तिच्या ओठांपाशी होता.

काकांनी तो हिसकावून घेतला. पाणी चादरीवर सांडलं.

"अहो, हे काय?"

त्यांनी बातमी सांगितली. कारखान्याची टाकी फुटली, सगळं नदीत गेलं, उकळूनही ते जात नाही.

बायकोने ऐकून घेतलं. मग थकल्या आवाजात म्हणाली, "काहीतरीच तुमचं. जावई पाणी तपासायच्या खात्यातच आहेत ना? असं काही असतं तर आधी आपल्याला नसतं का कळवलं त्यांनी?"

तिचं बोलणं खोटं नव्हतं. काकांनी गावचं रेडिओ केंद्र लावलं. तिथे गाणी चालू होती. जावयाच्या कचेरीचा फोन लागेना. तरीही पेला त्यांनी मोरीत ओतला, आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंना हाक मारली. बाईंना ती परकी भाषा त्यांच्यापेक्षा चांगली येत होती, आणि साडेदहाला तीच बातमी पुन्हा लागणार होती.

"काय काका, आज चंद्र लागला का?" बाई हसत आत आल्या.

"बसा. नुसतं ऐका."

साडेदहा झाले. काकांनी कान रेडिओला चिकटवला. निवेदिकेने या वेळी त्या रसायनाचं नावही घेतलं. त्यांनी ते टिपून घेतलं. मान वर केली तेव्हा बाई उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"आपलंच गाव," बाई म्हणाल्या, आणि चप्पल न घालताच रस्त्यावर पळत सुटल्या.

अकरापर्यंत आळीतले सगळे नळ बंद झाले. समोरच्याने टेम्पो काढला, काकांच्या बायकोला मागे गादीवर निजवलं. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक जिन्यावर, व्हरांड्यात, बाकांखाली पडले होते. तरुण डॉक्टर घामाघूम झाला होता. "विष कसलं, तेच कुणी सांगत नाही," तो म्हणाला. "औषध काय देऊ?"

काकांनी वही पुढे केली.

डॉक्टरने ते नाव दोनदा वाचलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रेडिओने."

डॉक्टर वही घेऊनच धावला. तासाभरात औषध आलं, खाटाखाटांवर सलाइन लागलं. दुपारी तो परत येऊन म्हणाला, "आज आणलंत म्हणून बरं. उद्या आणलं असतं तर काही खरं नव्हतं."

काका खाटेच्या कडेला टेकले.

चार वाजता लेक आली. डोळे सुजलेले. काकांनी तिला आईपाशी जाऊही दिलं नाही. दंड धरून तिला भिंतीकडे नेलं आणि दिवसभर मनात घोळणारं एका दमात सांगितलं. "आधी घरी जा. मुलांना नळाचं पाणी देऊ नको, भरलेलं सगळं ओतून टाक. जावयालाही सांग, त्याला ठाऊक नसणार."

लेक जागची हलली नाही.

"मुलं बरी आहेत, बाबा."

"आत्ता बरी असतील. तू जा."

"आम्ही बाहेरून पाणी आणतोय," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "सोमवारपासून. ह्यांना वरून ताकीद होती. कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचं नाही, नाहीतर नोकरी जाईल."

काकांनी बोटांवर दिवस मोजले. आज गुरुवार होता. काल संध्याकाळी ती आईच्या उशाशी तासभर बसून गेली होती. काकांनी तिच्यादेखतच आईला पाणी पाजलं होतं, आणि ती काही बोलली नव्हती.