शहादेव गुरुजींची बैठक

सकाळचे अकरा वाजले तरी शहादेव गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसलेलेच होते. बसले होते पहाटे पाचला. दिंद्रुडच्या विहारातली माणसं चपला बाहेर काढून त्यांच्या घरात आली होती आणि मागे अदबीनं उभी होती. खोकला आला तरी गिळत होती.

“बघा भन्ते,” विहार समितीचा संजय कुजबुजला, “सहा घंटे झाले. काकू वारल्या तवापासून रोजचं हाय हे. डोळ्याला टिपूस न्हाई. असा मानूस तालुक्यात दावा!”

भन्ते ध्यानवर्ग चालवायला माणूस शोधत होते. तो त्यांना सापडला.

कुजबुज ऐकून गुरुजी वळले. विज्ञानाच्या या मास्तरांना निवृत्तीनंतर झेनचा नाद लागला होता. पुस्तकं मागवून, पेन्सिलनं खुणा करून वाचली होती. भावना येते, जाते. आपण बघत राहावं, तिच्यामागे धावू नये. त्यांची बायको, दगडा, गेली तेव्हा हे सगळं त्यांनी स्वतःला नीट समजावून सांगितलं, नववीच्या वर्गाला सांगावं तसं. बुद्धीला ते पटलंही. सांत्वनाला आलेले लोक उलट उपदेश घेऊन गेले. मग यायचेच थांबले. एवढ्या पोचलेल्या माणसाला आपण काय धीर देणार? चार महिने त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता.

“उद्यापासून विहारात तुम्हीच वर्ग घ्या, गुरुजी,” भन्ते म्हणाले.

गुरुजींना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं. उद्यापासून चाळीस माणसं सोबत बसणार होती. ते हो म्हणणार, तेवढ्यात कडूबाई पुढे सरकली. महिन्यापूर्वी तिचा तरणा लेक ट्रॅक्टरखाली गेला होता.

“मला आधी शिकवा, गुरुजी. समदे म्हनतेत, गुरुजीकडं बघ, रडू नको. लई दाबते, पर ऱ्हात न्हाई. तुमी कसं केलं?”

पुस्तकातलं उत्तर तयार होतं. सोपं होतं, बरोबरही होतं. ते दिलं की वर्ग गुरुजींचा. पण कडूबाईनं पदराचा बोळा तोंडावर घट्ट दाबून धरला होता. तिच्याकडे बघता बघता ते उत्तर काही केल्या त्यांच्या तोंडातून निघेना.

“कडूबाई, मला काईच जमलेलं न्हाई,” ते म्हणाले. “मी आपला अर्धा घंटा बसायचो. तेवढा झाला की दगडा ताटलीवर चमचा वाजवायची. उठा म्हनायची, च्या गार व्हायलाय.”

त्यांचा आवाज फाटला.

“आता कुनी उठा म्हनत न्हाई, बाई. म्हनून बसून ऱ्हातो.”