गायिकेचा जाहीर सत्कार

"आजच्या पोरांची नस माझ्याइतकी कुणालाच कळत नाही," म्हणत सोसायटीचे सांस्कृतिक सचिव खासनीस माइकपाशी गेले. यंदाही हॉल रिकामा राहिला, तर त्यांचं पद रेगेबाईंकडे जाणार होतं. म्हणून त्यांनी नेटवरून दहा व्होकलॉइड गाण्यांची यादी उतरवली आणि एकही न ऐकता 'कुमारांसाठी खास शिफारस' म्हणून नोटीस बोर्डावर लावली. खाली लिहिलं, 'गायिकेचा जाहीर सत्कार'. तो बघायला पोरांनी हॉल तुडुंब भरला.

पहिलं गाणं वाजलं. "ताई प्रवासामुळे येऊ शकल्या नाहीत," खासनिसांनी ठोकून दिलं. "पण दमसास बघा! एकदाही श्वास घेत नाहीत!"

"कशा घेतील, बाबा?" लेकीने कपाळाला हात लावला. "कॉम्प्युटरचा आवाज आहे तो. व्होकलॉइड म्हणजे तेच."

हॉल खदखदून हसला. "मग कॉम्प्युटरचा सत्कार!" म्हणत खासनिसांनी लॅपटॉपला शाल पांघरली, वर नारळ ठेवला आणि पुढचं गाणं चालू ठेवलं.

ऐन कडव्यात लॅपटॉप तापून बंद पडला. लेकीने शाल ओढली. नारळ घरंगळत पहिल्या रांगेतल्या रेगेबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.