चार वाजताची साखर

आईवडिलांची काळजी घ्यायला आता त्यांच्याजवळ असावं लागत नाही, ही मानवजातीने मारलेली फार मोठी मजल आहे. प्रविण रोह्याला कंपनीत शिफ्टवर असायचा. तिकडे गडब गावात त्याच्या आईची साखर वाढली की त्याचा फोन ओरडायचा. मग प्रविण ओरडायचा.

"आये, आज परत तीनशेच्या वर! काय खाल्लंस?"

"अर्धी भाकर न् भाजी. तुझ्याच बायकोने दिली मोजून."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

इंदुबाई हायवेच्या कडेला आंबे, कापलेलं कलिंगड आणि फणसाचे गरे विकायची. आरोग्य शिबिरात तिला थोडी साखर निघाली, तेव्हा प्रविणनेच फोन आणि मीटर आणून दिलं होतं. रोज चारला फोन वाजला की ती हातातली सुरी ठेवायची, पदराला हात पुसायची आणि बोट टोचून थेंब मीटरला द्यायची. मीटर फोनला सांगायचं, फोन प्रविणला.

फळं विकणारी बाई आणि साखर तीनशे. आणखी पुराव्याची कुणाला गरज वाटली नाही.

सून भूमिकाने भाताचं पातेलं माळ्यावर टाकलं. ॲपवरच्या डॉक्टरांनी आलेख पाहून एका गोळीच्या दोन केल्या, मग तीन. शेजारी जांभळं विकणारी शकू शपथेवर म्हणाली, "गो भूमिका, ती गऱ्याला तोंड लावत नाय." तर शकूही सामील ठरली.

"तुला बोलायला मी शिकवलं," इंदुबाई फोनवर कडाडली, "न् आता माझ्यापेक्षा त्या डबीचं खरं? फेकून देईन खाडीत!"

"फेक. आणि मर गोड खाऊन."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून गिऱ्हाइकांवर खेकसत होती. दुपारी तिला दरदरून घाम फुटला. मेच्या उन्हात तो सगळ्यांनाच फुटतो. चारला फोन वाजला आणि इंदुबाई कलिंगडांवरच कोसळली. शकूने तिचं बोट टोचून मीटरला लावलं, आकडा बघून किंचाळली आणि तिला रिक्षात घालून पेणच्या दवाखान्यात नेलं.

प्रविण रोह्याहून बाइकवर आला तो फोन पुढे धरूनच.

"चारशे बारा, डॉक्टर! चोरून खाते ही. आधी इंजेक्शन द्या, साखर उतरवा."

"नाय खाल्लं," खाटेवरून इंदुबाई पुटपुटली. तिची नजर ठरत नव्हती.

"गप!"

डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला सांगितलं. साखर चारशेवर गेली तरी माणूस कोसळतो, सत्तरच्या फार खाली गेली तरी कोसळतो. वरून फरक कळेलच असं नाही. म्हणून सिस्टर म्हणाली, आपल्या मीटरवर एकदा बघू. तिने इंदुबाईचं बोट धरलं, तर ते हातमोज्याला चिकटलं. सिस्टरने ते साबणाने धुतलं, कोरडं केलं आणि टोचलं.

"किती?" प्रविणने विचारलं.

"अडतीस."