चार जुन्या पट्ट्या

"माझ्यासमोरच जोडा," ती म्हणाली.

मेकॅनिकने तिच्या रुमालातल्या चार पट्ट्या उजेडात धरल्या. बोटभर लांबीच्या, कडा पिवळसर. संगणकाची मेमरी, पण फार जुनी.

"या थेट बसायच्या नाहीत, ताई. माझ्या मशीनची खाच लांब, या आखूड. अडॅप्टर लागेल. या चार त्यात आणि तो खाचेत."

"मग लावा."

त्याने खणातून अडॅप्टर काढला. त्याची एक पिन सुटली होती, ती कथिलाचा डाग देऊन पक्की करायला तो बसला. तिची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती. हा मुद्दाम वेळ काढतोय का? नवऱ्याच्या ओळखीतला तर नसेल?

"तुम्ही आमच्या ह्यांना ओळखता?"

"कोणाला?"

"काही नाही."

गेले कित्येक महिने नवरा रविवारी नटूनथटून बाहेर पडायचा, फोन आला की गॅलरीत जायचा. विचारलं की थट्टेवारी न्यायचा. आणि या पट्ट्या त्याच्या दाढीच्या डब्यात, ब्लेडच्या पाकिटाखाली सापडल्या.

"ही काय भानगड?" तिने विचारलं होतं.

"माझी जुनी मेमरी. सगळी लफडी आहेत त्यात. तुला बघवणार नाहीत," तो डोळा मारत म्हणाला होता. ते हसू तिच्या डोक्यात गेलं होतं.

मेकॅनिकने बटण दाबलं. पडद्यावर आकडे सरकले आणि थांबले.

"चारही ठणठणीत आहेत."

"आता उघडा."

"काय उघडू?"

"यातली पत्रं. फोटो. जे असेल ते."

तो हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. मग समजुतीने म्हणाला, "ताई, यात काही साठून राहत नाही. मशीन बंद केलं की पट्टी कोरी."

"एक अक्षरही नाही? ह्यांनीच सांगितलं, सगळी लफडी आहेत यात म्हणून."

"नाही. त्यांनी तुमची फिरकी घेतली असणार. घरी गेल्यावर त्यांनाच विचारा."

तिने पट्ट्या परत घेतल्या, रुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मेकॅनिकने पाणी पुढे केलं. ते न पिताच ती उठली.

घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर नवरा सकाळपासून तसाच पडून होता, आणि तिने अजून बत्तासुद्धा धुतला नव्हता.