हुंगीचा पहिला घोट

"पी गं बाय, आधी तू. मग जग पिईल."

हुंगी कुशीत मावेल एवढं पिल्लू होती, तेव्हा सोनबानं तिच्या कानात हे पहिल्यांदा सांगितलं. सारजा तेव्हा त्याची नवी नवरी होती. हसू दाबायला तिनं पदर तोंडात कोंबला होता.

तीच हुंगी आता कळंबच्या कोरड्या ओढ्यात, खणलेल्या खड्ड्याच्या काठाशी पाय रोवून उभी होती. वासराएवढं अंग, पाठीवर खवलं, आणि जमिनीच्या पोटातली ओल ओळखणारं मऊ नाक. खड्ड्यात पाणी साचलं होतं. तिनंच दाखवलेलं. घागरी घेऊन गाव खोळंबलं होतं. ती मात्र मान वळवून मोरगावच्या वाटेकडं बघत होती.

हुंग्या पाळणाऱ्यांचा रिवाज साऱ्या मुलखाला ठाऊक. जनावराला एकाच धन्याचा शब्द शिकवायचा. त्या शब्दाशिवाय त्यानं पाण्याला तोंड लावायचं नाही, आणि त्यानं पहिला घोट घेतल्याशिवाय माणसानं घागर बुडवायची नाही. धनी जिता आहे तोवर तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारायचा नाही. बायकोनंही नाही.

मोरगाव सोडल्यापासून हुंगी प्यालेली नव्हती. सारजानं ओल्या फडक्यानं तिचं नाक पुसलं, बारामतीत उसाचं वाढं चारलं. तेवढ्यावर ती इथवर आली. एसटीच्या कंडक्टरनं जनावर घेणार नाही म्हणून सांगितलं, वर विचारलं, खवल्यांसकट तिकीट फाडू का खवलं सोडून. गाडीतले लोक हसले. सारजाला हसू आलं नाही, रागही आला नाही. ती चालायला लागली. पायाला फोड आले, ते तिला दुसऱ्याच कुणाच्या पायाचे वाटले.

वाटेत जो तो विचारी, सोनबा कुठंय. मागनं येत्यात, ती म्हणे. अंथुर्ण्याच्या पारावर बायांनी भाकरी वाढली, तेव्हाही ती तेच म्हणाली आणि एक भाकरी जास्त मागून घेतली. तिच्या फडक्यात अशा भाकऱ्या साठून वाळून गेल्या होत्या.

हुंगीचे पुढचे पाय दुमडले.

कळंबची तानूबाई काठी टेकत खाली उतरली. सासरची मेंढरं मोडली तशी ही म्हातारी उसाच्या शेतात रुळली होती, पण माहेरच्या हुंग्या ती विसरली नव्हती. तिनं हुंगीची जीभ बघितली. सुकून खरखरीत झाली होती. धन्याला बलीव, म्हणाली, पोराला ट्रॅक्टर घिऊन धाडते, पर ही सांज बघायची न्हाय. घागरी राहू दे, जनावर जाईल.

सारजा म्हणाली, येत्यात मागनं.

तानूबाई आणखी काही सांगणार होती. तिची नजर सारजाच्या हातांवर गेली आणि ती थांबली. ओढ्याची माती काळी होती. सारजाच्या नखांत तांबडा मुरूम होता, बोटांची टोकं सोललेली होती.

"सारजे," म्हातारी हळूच म्हणाली, "माळावर कुणासाठी उकरलंस गं?"

सारजानं हात पदराखाली घेतले. बायांनी कमरेवरच्या घागरी खाली ठेवल्या. हुंगीनं मान जमिनीवर टाकली, पण डोळे वाटेवरचे काढले नाहीत.

मग सारजा गुडघ्यांवर बसली. तिनं फडकं सोडून बाजूला ठेवलं. हुंगीचा कोरडा, गरम कान ओठांशी ओढला.

"पी गं बाय, आधी तू," ती म्हणाली. "मागनं कुणी येत न्हाय."