फुलांची पत्रं

रेवा मोबाइलशिवाय घास घेईना, तेव्हा शाल्मलीने तिच्या चिमुकल्या हातात आपला कामाचा हातमोजा घातला. तो हस्तलिखितावरून फिरवला, की लिहिणाऱ्याच्या मनातलं सगळं तो घालणाऱ्याच्या मनात उतरायचं.

"निनाद, चालेल ना रे? शंभरेक वर्षांपूर्वी वारलेल्या अमेरिकन कवयित्रीची पत्रं आहेत."

"फुलांचीच ना? मोबाइलपेक्षा बरं की!" नवरा हसला.

रेवाने हात फिरवलेल्या पत्रात मजकूर फुलांचाच होता, पण तारीख कवयित्रीच्या शेवटच्या आजारपणातली. शाल्मलीच्या ते उशिरा ध्यानात आलं. तिने मोजा ओढून काढला आणि घाईघाईने घास पुढे केला.

"हा चिऊचा हं, सोन्या."

तीन वर्षांच्या रेवाने आईच्या गालावरून सावकाश हात फिरवला.

"तू जेव, बाळा," रेवा म्हणाली. "मला आता काही नको."